गुरुजींची पन्नास सीसीची गाडी

फट्, फट्, फट्... आणि मग एक लांब उसासा. काष्टीच्या भर बाजारात साळवे गुरुजींची पहिली मोपेड बंद पडली, तो आवाज मला अजून आठवतो. मी नुकतंच गॅरेज टाकलं होतं. तेव्हापासून फरशीवर ऑइल साचावं तसे किस्से साचत गेले.

बहुतेकांत संशय एकच. कंपनी दर मॉडेलला इंजिन मोठं केलं म्हणते, पण खरंच करते का? यंदा तर त्यावर गुरुजींच्या नातीचं, प्रज्ञाचं कॉलेज येऊन अडलं. लायसन्स निघालं तर श्रीगोंद्याला सायन्स, नाहीतर गावातच आर्ट्स, असं घरात ठरलं होतं. सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचवणारी एसटीच नाही.

*

आमचे दूधवाले भाऊसाहेब. घरी शंभरची गाडी होतीच, वर एकशे पंचवीसची घेतली. आठ दिवसांत माझ्याकडे हजर!

"मिस्त्री, फसवलं राव! चढाला जुनीच पुढं जाती. नुसता स्टिकर बदललाय."

"जुनीवर कोण होतं?"

"बायको."

"आणि नवीवर?"

"मी. आन् दुधाचे चार कॅन."

*

याच भाऊसाहेबांचं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं. मेहुण्याच्या स्कूटरवर टेस्ट दिलेली. नगरला पोलिसांनी मोटरसायकल अडवली.

"साहेब, मी गिअर बदलतच न्हाई. घरापास्नं दुसऱ्यातच आलोय!"

साहेबांनी इंजिनाला बोट लावलं, झटकन काढलं. "हे मात्र खरं दिसतंय!" म्हणाले, आणि पावती फाडली.

*

गुरुजी विज्ञान शिकवायचे. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, ह्या मॉडेलला दहा सीसी जास्त." गुरुजींनी पिशवीतून मोजपात्र काढलं. "इंजिनात पाणी ओत. मोजून दाखव."

मॅनेजर धावत आला. "गुरुजी, आधी फुल चहा घ्या." गुरुजींनी चहा मोजपात्रात ओतला.

"नव्वदच आहे. याला फुल म्हणता?"

*

आता प्रज्ञाचं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण बिनगिअरच्या आणि पन्नास सीसीपर्यंतच्याच गाडीचं. गुरुजींकडे दुसरी मोपेड होती. पहिली पन्नासची; ही दिसायला तशीच, फक्त नंतरच्या सालची. आरटीओच्या कॅम्पात साहेबांनी आरसी बुक पाहिलं. "ही पासष्ट सीसीची आहे. चालणार नाही."

गुरुजी नातीला घेऊन तडक गॅरेजात. "कागदावर आकडा वाढवलाय चोरांनी! उघड इंजिन. पन्नासच निघेल. मग त्या साहेबाला दाखवतो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला इंजिन उघडू दिलं नव्हतं. मी आतला माल बदलीन, ही भीती! आज मात्र स्वतःच पाना हातात दिला. प्रज्ञा दप्तर मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

मी हेड काढलं, सिलिंडर बाहेर घेतला, पुसला. खोक्यातून पन्नासच्या गाडीचा जुना पिस्टन काढला.

"हा घट्ट बसला तर तुमचं खरं," मी म्हणालो. बसावा, असं मलाही फार वाटत होतं.

पिस्टन वरून सोडला. तो कुठं न अडता खाली माझ्या तळहातावर पडला.

"पुन्हा टाक," गुरुजी म्हणाले.

पुन्हा पडला.

"हा पिस्टन झिजलेला आहे!"

मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, मग नातीकडे पाहिलं.

प्रज्ञा उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि गावातल्या कॉलेजच्या रस्त्याने चालायला लागली.