झेल घेतल्यावर

मी बेसबॉल खेळते असं सांगितलं की पुण्यात दोन प्रश्न येतात. एक, "म्हणजे ते अमेरिकेतलं?" आणि दोन, "पण का?" पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याचं देऊन उपयोग नसतो, कारण विचारणाऱ्याला ते नकोच असतं. आमच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारणारे एक काका आहेत. ते वर्षानुवर्षं मला तोंडावर जाळी, छातीवर कवच आणि पायांना पॅड बांधून उकिडवी बसलेली बघत आले आहेत. एकदा थांबून म्हणाले, "अहो बाई, एवढं झाकूनच बसायचं तर घरी का नाही बसत?" मी म्हणाले, "घरी तुमच्यासारखे प्रेक्षक नाहीत." तेव्हापासून ते दुसऱ्या बाजूने फेरी मारतात.

मी कॅचर आहे. जिच्या हातात बॅट असते तिच्या मागे बसायचं आणि पिचरने टाकलेला चेंडू झेलायचा, एवढं वरवरचं काम. आमच्या नऊ जणींत कॅचर एकटीच सगळं मैदान समोरून बघते, त्यामुळे कोण कुठे उभी आहे, कोण पळायच्या तयारीत आहे, हे तिलाच आधी कळतं. खरी परीक्षा वेगळीच. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर बेस असतात; ते एकेक करत चौथ्या, म्हणजे कॅचरच्या पुढ्यातल्या होम प्लेटला पोचलं की एक धाव. पहिल्या बेसवर उभी असलेली मुलगी संधी साधून दुसऱ्या बेसकडे धूम ठोकते. ती पोचायच्या आत चेंडू तिथे पोचवायचा, तोही बसल्या जागेवरून उठता उठता. ही फेक जमली तर तुम्ही कॅचर, नाही तर नुसत्याच बसलेल्या.

विसाव्या वर्षापासून ही जागा माझी होती. या जागेच्या जोरावर मला क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरी लागली. गेली पंधरा वर्षं मी कार्यालयात जावक विभागात बसते आणि पत्रांवर क्रमांक टाकते. तिथे कोणी माझ्या हाताकडे बघत नाही. मैदानावर मात्र जिल्ह्याचा संघ निघाला की कॅचर कोण, हा प्रश्नच नसायचा. प्रश्न नसणं या गोष्टीची फार लवकर सवय होते.

मग गुडघे बोलायला लागले. त्यांच्यामागून खांदा. सकाळी उठून बाथरूमपर्यंत जाताना मी भिंतीला हात लावते हे नवऱ्याच्या लक्षात आलं, पण तो काही बोलला नाही. मैदानावरच्या मुली इतक्या समजूतदार नव्हत्या. एका सामन्यात समोरच्या संघाच्या बाकावरून आवाज आला, "पळ गं बिनधास्त, मागे ताई आहेत!" ती पळाली आणि पोचली. पुढच्या दोघीही पोचल्या. सगळ्या मला ताई म्हणत होत्या, आदराने, आणि मला गृहीत धरून खुशाल पळत होत्या. घरी आल्यावर मी बराच वेळ बूटसुद्धा काढले नाहीत.

याच सुमारास ती आली. एकोणीस वर्षांची, लोणी काळभोरची. पहाटेच्या बसने यायची आणि आमच्या आधी मैदानावर हजर असायची. गावातल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळून वाढलेली, बेसबॉल तिने वर्षभरापूर्वी कॉलेजात पहिल्यांदा पाहिलेला. आमच्या क्लबचे प्रशिक्षक असलेल्या सरांनी तिला माझ्या जागी बसवलं आणि दुसऱ्या बेसवर फेक म्हणाले. ती उठली कधी हे मला दिसलंच नाही. चेंडू जमिनीपासून फारसा वर न जाता सरळ गेला आणि दुसऱ्या बेसवरच्या मुलीने ग्लोव्ह काढून हात झटकला.

"ताई, बराबर गेला का?" तिने मला विचारलं.

"बरा गेला," मी म्हणाले. पुणेरी माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही हे तिला कोणी सांगितलं नसावं, कारण तिचा चेहरा पडला आणि तिने लगेच दुसरा चेंडू मागितला. मला तिचा राग आला. तिने काहीच केलेलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

आमच्या क्लबमध्ये एक रीत आहे. बाकी सगळ्या जागा सर ठरवतात, पण कॅचरची जागा ते ठरवत नाहीत. ते स्वतः पिचर होते. "मागे बसून काय दिसतं ते मला माहीत नाही, त्यामुळे मी त्यात तोंड घालत नाही," असं ते म्हणतात. म्हणून कॅचरचं नाव जुनी कॅचर देते. तिने दिलेलं नाव सर यादीत लिहितात आणि कारण विचारत नाहीत. माझं नाव माझ्या आधीच्या ताईंनी दिलं होतं. मी तेव्हा त्यांच्या पाया पडले होते आणि त्या "असू दे, असू दे" म्हणत घाईघाईने निघून गेल्या होत्या. त्यांना बस पकडायची असेल असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता नाव द्यायची पाळी माझी होती. मी स्वतःचं नाव दिलं असतं तरी कोणी हरकत घेणार नव्हतं, रीत तशी परवानगी देते. अडचण एवढीच होती की मीच त्या मुलीला रोज शिकवत होते. पाय किती फाकवायचे, चेंडू घेताना डोळे का मिटायचे नाहीत, कसा चेंडू टाकायचा हे सांगणाऱ्या बोटांच्या खुणा पिचरखेरीज कोणाला दिसणार नाहीत अशा कशा करायच्या. एकदा सांगितलेलं ती विसरायची नाही. नवरा हिंजवडीत नोकरीला आहे. रात्री जेवताना मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "आमच्यात याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. नवीन पोराला सगळं समजावून द्यायचं. केटी नीट झाली की दोन महिन्यांत कंपनीचा लॅपटॉप परत करून आपण घरी." मग माझ्याकडे बघून त्याने विषय बदलला आणि आमटी वाढून घेतली.

राज्य स्पर्धेची यादी द्यायच्या आधी सरांनी एका दुसऱ्या क्लबशी सामना ठरवला. "तिला पूर्ण सामना मागे बसू दे," ते मला म्हणाले. "तुम्ही बाहेरून बघा, आणि मग नाव सांगा." अशा रीतीने मी पहिल्यांदा राखीव कॅचर झाले.

आमच्याकडे राखीव कॅचरलाही काम असतं. चेंडू उंच उडाला की मैदानातली कॅचर जाळी फेकून आभाळाकडे बघत पळते. तेव्हा बेसवरच्या मुली काय करतायत हे तिला दिसत नाही. ते बाकावरून राखीव कॅचरने बघायचं आणि ओरडून सांगायचं. तिसऱ्या बेसवरची मुलगी निघायच्या बेतात असेल तर एकच शब्द ओरडायचा, "होम!" मग कॅचरला कळतं की झेल घेऊन थांबायचं नाही, चेंडू लगेच होम प्लेट राखायला आलेल्या पिचरकडे फेकायचा. वर्षानुवर्षं माझ्यासाठी कोणी ना कोणी असं ओरडत आलं होतं. त्यांची नावंसुद्धा मला सगळी आठवत नाहीत.

ती छान खेळली. ती मागे असताना दुसऱ्या बेसकडे पळायचा प्रयत्न दोघींनी केला, दोघीही आउट झाल्या, आणि मग कोणी पळेचना. शेवटच्या इनिंगमध्ये धावा बरोबरीत होत्या. समोरच्या संघाची बॅटिंग होती, तिघी आउट झाल्या की डाव संपतो आणि त्यांची एकच आउट झालेली, आणि त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर उभी होती. ती होम प्लेटला पोचली की सामना संपला असता. पिचरने चेंडू टाकला, बॅटची कड लागली आणि चेंडू मागच्या बाजूला उंच गेला.

तिने जाळी काढून फेकली आणि ती वळून धावली. मागच्या कुंपणाला खांदा घासत, जवळजवळ पडत, तिने तो झेल घेतला. माझ्या भरातल्या दिवसांतही मला तो घेता आला नसता. हे आज लिहिताना मला जड जात नाही. त्या दिवशी गेलं असतं.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की काम संपलं. बेसबॉलमध्ये तसं नाही. बॅटवाली आउट होते, पण खेळ चालूच राहतो, आणि बेसवर पाय टेकून थांबलेली मुलगी झेल पुरा होताक्षणी पुढे पळू शकते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हे शंभरदा सांगावं लागतं, कारण प्रत्येकीने आधी क्रिकेट खेळलेलं असतं आणि झेलाचा आनंद अंगात मुरलेला असतो. तिसऱ्या बेसवरच्या मुलीने पाय टेकवून ठेवला होता, गुडघा वाकवला होता. मला ते स्वच्छ दिसलं. चेंडू वर असल्यापासून दिसत होतं.

मी ओरडले नाही.

विसरले, गडबडले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. तसं नव्हतं. शब्द तोंडात होता आणि मी तो बाहेर काढला नाही. ती झेल घेऊन उभी राहिली, बाकाकडे वळली, आणि गावच्या मैदानात विकेट काढल्यावर करतात तसं तिने चेंडू हसत हसत आभाळात उडवला. पिचर होम प्लेट सोडून तिला टाळी द्यायला धावली. बाकीच्या जल्लोष करत होत्या. त्या गोंधळात तिसऱ्या बेसवरची मुलगी आरामात चालत आली असती तरी चाललं असतं, पण ती बिचारी धावत आली.

सर मैदानात गेले. "झालं असेल क्रिकेट, तर आपण जरा बेसबॉल खेळू या का?" ते म्हणाले. ती खाली मान घालून "चुकलं सर" एवढंच बोलली. तिने कोणाकडे बोट दाखवलं नाही.

पॅड बांधून ठेवल्यावर सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले. हातात वही होती. "नाव?"

"अजून कच्ची आहे," मी म्हणाले. "एक वर्ष जाऊ दे. या वर्षी माझंच लिहा."

त्यांनी लिहिलं. रीतीप्रमाणे कारण विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांना कारण समोर दिसलंच होतं. सगळ्यांनाच दिसलं होतं. माझी जागा शाबूत राहिली, पण मला बरं वाटलं नाही.

स्कूटर काढून रस्त्यावर आले तर ती बसथांब्यावर उभी होती. खांद्याला घासून पडलेला ओरखडा रुमालाने टिपत होती. मी पुढे निघून गेले, चौकातून वळले, आणि परत आले. स्कूटर बंद केली.

"एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "तिसऱ्या बेसवरची निघणार हे मला दिसलं होतं. ओरडायचं काम माझं होतं. मी मुद्दाम ओरडले नाही."

तिने रुमालाची घडी घातली. "म्हाईत हाय ताई," ती म्हणाली. "झेल घेतला तवा मी तुमच्याकडंच बघत व्हते. म्हणलं, आता तरी ताई चांगला म्हणतील."

ती लोणीकडच्या बसची वाट बघत रस्त्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सरांना नाव दिलं का?"

"दिलं. माझं."

"बरं," ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती. चीड असती तर मला सोपं गेलं असतं. "मंग उद्या येऊ ना? ते बसून फेकायचं अजून जमत न्हाय मला."

बस आली आणि ती चढून गेली. मी थांब्यावरूनच सरांना फोन लावला आणि यादीत माझं नाव खोडून तिचं लिहा म्हणाले. ते "बरं" म्हणाले. त्यांनी कारण विचारावं असं मला वाटत होतं, आणि ते विचारणार नव्हते, म्हणून मीच सांगितलं. "हे मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "त्या मुलीला सांगा." सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. मी तिथेच, भर रस्त्यात, स्कूटरवर बसून रडले. इतकी वर्षं ज्या जागेवर बसले ती गेली म्हणून रडले, आणि ती ज्या तऱ्हेने गेली म्हणूनही.

राज्य स्पर्धेत ती मागे बसली. मी बाकावर होते आणि दर वेळी घसा फाटेस्तोवर ओरडले. अजूनही ती पहाटेच्या बसने येते, मी शिकवते, ती विचारते, मी सांगते. तिने मला माफ केलं का हे मी विचारलेलं नाही, माझी छाती होत नाही. आता चेंडू उंच उडाला की ती शांतपणे त्याच्याखाली जाते, झेल घेते, आणि पुढच्या क्षणी वळून तिसऱ्या बेसकडे बघते. बाकाकडे ती एकदाही बघत नाही. कॅचरने असंच करायचं असतं, आणि सर म्हणतात, पोरगी तयार झाली. झेल घेतला की मी आता रोज "चांगला!" म्हणते, मोठ्याने म्हणते, पण तोवर तिची पाठ माझ्याकडे झालेली असते.