साठेच्या सात डावांनंतर

पत्त्यांच्या बैठकीतले किस्से कुणी गोळा करत नाही. दाराशी चपला जमतात तसे ते जमतात. मी मोजकेच सांगतो.

मी चौथी शिकलो. पुण्याच्या मार्केटयार्डात तीस वर्षं पोती मोजली आणि एकही चुकलं नाही. आता जपानात तोयोसुत मुलाकडे राहतो. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्याच्या ऑफिसच्या टीमचे, तो धरून चौघे, ब्लॅकजॅक खेळतात. पैसे नाहीत, राजम्याचे दाणे. एकवीसच्या जवळ जायचं, पत्ते वाटणाऱ्यापेक्षा जास्त. ओलांडलं की बाद, लावलेले दाणे गेले.

पत्ते कोण वाटणार, यावरून पहिल्याच दिवशी भांडण! शेवटी चौघांतली भाग्यश्री म्हणाली, "काका वाटतील. त्यांना आपल्यातलं कुणीच आवडत नाही!"

सगळ्यांना पटलं. मलाही.

*

माझा मुलगा मंदार. हातात दश्शी, सत्ती, चव्वी. म्हणाला, "अण्णा, आणखी एक."

मी दिला.

"अहो थांबा! माझे एकवीस झाले होते!"

"मोजणं तुझं काम, वाटणं माझं. मागितला की द्यायचा."

मंदार बाद. सूनबाई चहा घेऊन आली होती. म्हणाली, "एम.टेक.ला एकवीसपर्यंत शिकवत नाहीत वाटतं!"

*

यंदा प्रोजेक्टचं काम नेमकं गणपतीत आलं. चौघांपैकी एकालाच दहा दिवस रजा. "आपसात ठरवा," असं त्यांचे मॅनेजर मोरी-सान म्हणाले. चौघांनी ठरवलं, चार रविवार खेळायचं. शेवटच्या रविवारी पाच वाजता ज्याचे दाणे जास्त, तो घरी जाणार.

एका रविवारी मोरी-सान खरबूज घेऊन आले. अर्धा तास बघत बसले. मग विचारलं, "जानकेन का करत नाही? दगड, कात्री, कागद. तीन सेकंदात निकाल!"

टीममधला साठे म्हणाला, "मोरी-सान, तीन सेकंदात हरलेलं वर्षभर पटत नाही."

मंदारने मला नंतर मराठीत सांगितलं. मोरी-सान खरबूज विसरून गेले. कापायचं राहूनच गेलं.

*

चौथा निखिल. त्याची मुलगी पाच महिन्यांची. पुण्यात झाली. त्याने अजून तिला हातात घेतलेलं नाही. रोज फोनवर बघतो. "काका, ती आता फोनला बाबा समजते," म्हणाला. हसून म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

भाग्यश्री म्हणाली, "मग तूच जा ना रे. आम्ही खेळत नाही."

निखिल उसळला. "दान नकोय मला! जिंकून जाईन."

मला ते आवडलं.

साठे आपले दाणे मोजत होता. तोही तीन गणपती घरी गेलेला नव्हता. घरी आई एकटी.

*

शेवटचा रविवार. मंदार आणि भाग्यश्रीचे दाणे चार वाजायच्या आत संपले. उरले दोघे. आणि साठे जिंकायला लागला.

बारावर थांबला, मी बाद झालो. सोळावर पत्ता मागितला, पंजी आली! एकवीस! एक डाव, दोन, चार. त्याचा चेहरा दगडासारखा. निखिलचे दाणे कमी होत गेले. पाच डाव. सहा.

मंदार माझ्या कानाशी वाकला. "अण्णा, निखिलकडे जरा बघा ना."

"तीस वर्षं काट्यावर बोट ठेवलं नाही. मागे हो."

सातवा डावही साठेचाच. त्याच्यापुढे ढीग. निखिलपुढे अकरा दाणे. घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी.

शेवटचा डाव. निखिलने एक दाणा पुढे सरकवला. त्याला जास्त हिंमतच राहिली नव्हती.

साठेने अख्खा ढीग लावला.

"साठे-सान, वेड लागलंय का?" भाग्यश्री ओरडली. "एक दाणा लावा, रजा तुमचीच आहे!"

"वाटा, काका."

वाटले. निखिल एकोणीसवर थांबला. साठेला राजा आणि राणी. वीस. मंदारने डोळे मिटले. माझा हात गड्डीवरून निघतच होता, तेवढ्यात साठे म्हणाला, "आणखी एक."

वीसवर!

मी दिला. एक्का. एकवीस!

मी इतकी वर्षं पत्ते पाहिले, एक्का पाहून असा पांढरा पडलेला माणूस पाहिला नव्हता.

बाहेर पाचची धून सुरू झाली. मुलांनो, घरी जा, असं सांगणारी. इथे रोज वाजते.

साठेने बोटाने टेबलावर टकटक केलं. "काका, आणखी एक."

"साठे!" निखिल खुर्चीतून उठला.

साठेने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "नियम काय आहे, काका?"

मी पत्ता उलटवला. दुर्री. तेवीस.

"मोजायला चुकलो," साठे म्हणाला, आणि बूट घालायला गेला.