कॉफीच्या दुकानासाठी लिहिलेला अर्ज

सेलूच्या तहसील कार्यालयासमोर, कडुनिंबाखाली, गेली सव्वीस वर्षे माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु ज्यांनी माझ्याहून पुष्कळ अधिक शिक्षण घेतले आहे, तेही सरकारदरबारी काही मागायचे असले म्हणजे माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात. अर्ज म्हणजे नुसती मागणी नव्हे. मागणाऱ्याची अवस्था वाचणाऱ्याच्या मनात उभी राहिली पाहिजे. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मुलीने बी.कॉम.चे शेवटचे वर्ष अर्ध्यावर सोडले. टेबल बंद पडू नये म्हणून ती माझ्या जागी बसू लागली. डोळे बरे होईपर्यंतच, असे ठरले होते. डोळे काही महिन्यांत बरे झाले. ती मात्र बसतच राहिली, आणि मीही तो विषय काढला नाही.

या उन्हाळ्यात तिने स्वतःच विषय काढला. वर्ध्याला एक कॉफीचे दुकान उघडत होते आणि त्यांना संध्याकाळच्या पाळीसाठी माणसे हवी होती. ते काम मिळाले तर सकाळी कॉलेज करून राहिलेले वर्ष ती पुरे करणार होती. न मिळाले, तर समुद्रपूरकडून आलेल्या स्थळाला होकार कळवायचा, असे तिच्या आईने तिच्याकडून कबूल करून घेतले होते. मुलाखत गुरुवारी होती.

"तयारी मी करून देतो," मी म्हणालो.

"मोबाईलवर व्हिडिओ राह्यतेत बाबा. त्यात सगळं सांगून राह्यले."

"तुया मोबाईलनं आजवर किती अर्ज मंजूर केले?"

तिची आई चुलीपाशी होती. तिने मागे न वळताच म्हटले, "जा वं पोरी, उभी राह्य. साहेब खुर्चीवर बसले."

अधिकाऱ्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मी आधी तालीम करून घेतो, हा माझा शिरस्ता आहे. दारात चपला काढायच्या. टेबलापासून तीन पावलांवर थांबायचे. हात जोडायचे, नजर टेबलाच्या कडेवर ठेवायची, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. बसा म्हटले तरी पहिल्यांदा नको म्हणायचे. मुलीला यातले काही सांगावे लागले नाही. दोन वर्षांत कितीतरी बायकांना तिनेच हे शिकवले होते. ती तीन पावलांवर येऊन थांबली.

"काम काऊन पाह्यजे?" मी विचारले.

"साहेब, लय अडचण आहे," ती टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाली.

मला समाधान वाटले. तेवढ्यात तिने मान वर केली. "बाबा, असं रडकं तोंड करणाऱ्या पोरीच्या हातची कॉफी कोण घेईन?"

"अडचण सांगितल्याबिगर कोणी काही देत नाई."

"ते देणारे वेगळे अन् हे वेगळे."

मी वाद वाढवला नाही. बुधवारी दुपारी टेबलावरचे सारे काम बाजूला सारून मी तिचा अर्ज लिहिला. टंकलेखन न करता, चांगल्या जाड कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिला. इतके मन लावून मी वर्षानुवर्षांत काही लिहिले नव्हते.

गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही वर्ध्याला उतरलो. मुलाखतीला बापाने येऊ नये, असे तिने वाटेत दोनदा सुचवले होते. दुकानाला काचेचे दार होते. मी चपला बाहेर काढल्या. तिने काढल्या नाहीत. आत थंड हवा होती, आणि अनवाणी पायांना फरशी त्याहूनही थंड लागत होती. व्यवस्थापक नागपूरकडचा होता, वयाने माझ्या मुलीहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. तो समोर येताच मी खुर्चीवरून उठलो, हात जोडले आणि अर्ज त्याच्यापुढे धरला.

त्याने तो उभ्याउभ्याच वाचला. मग सावकाश विचारले, "काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"होय साहेब."

"यात लिहिलंय, 'अर्जदार हिला अन्य कोणताही आधार नसून ती इतर कोणतेही काम करण्यास असमर्थ आहे.' मग आमच्याकडचं काम त्या कशा करणार?"

तो हसला नाही, हे मला सांगितले पाहिजे. हसला असता तर बरे झाले असते. निराधार योजनेच्या प्रत्येक अर्जात ते वाक्य मी घालीत आलो आहे. त्याच्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. माझा हात त्या जागी आला की ते आपोआप उतरते. बुधवारी मी संपूर्ण अर्ज तीन वेळा वाचून पाहिला होता, आणि तिन्ही वेळा ते वाक्य मला अगदी योग्य वाटले होते.

मुलीने त्याच्या हातून कागद घेतला, त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"सर, बाबा तहसीलसमोर अर्ज लिहितात. ते वाक्य तिथलं आहे," ती म्हणाली. "माझं मी सांगते." आणि कोणी सांगण्याआधीच ती खुर्चीवर बसली.

व्यवस्थापकाने मला कोपऱ्यातल्या टेबलाकडे बसण्याची विनंती केली. तेथून सारे ऐकू येत होते.

"पूर्वीचा काही अनुभव?"

"दोन वर्षं बाबांचं टेबल चालवलं. आधी एकटीनं, नंतर त्यांच्यासोबत."

अर्जात अनुभवाच्या ठिकाणी मी 'निरंक' लिहिले होते. लोकांनी विचारले, तर पोरगी सोबतीला बसते, असेच मी सांगत आलो होतो.

"चिडलेलं गिऱ्हाईक आलं तर काय कराल?"

"आमच्याकडं चिडलेलेच येतात सर. चार खिडक्या फिरून आलेले राह्यतात. मी आधी पाणी देते. मग त्यांचं पूर्ण ऐकते. मधात बोललं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात."

आता मात्र तो हसला. "आणि तुमच्याकडून चूक झाली तर?"

"कागद फाडायचा अन् नवा लिहायचा. माणसाले दुसऱ्या दिवशी बोलवायचं नाई. त्याची बस असते."

थोड्या वेळाने त्याने काउंटरवर एक कप ठेवला. "हा त्या कोपऱ्यातल्या काकांना नेऊन द्या. ते तुमचे कोणी नाहीत असं समजा."

ती कप घेऊन निघाली. माझ्यापासून तीन पावलांवर आली, आणि मी काय करतो आहे हे कळण्याआधीच मी अर्धा उठलो होतो.

"बसून राहा बाबा," ती ओठ न हलवता म्हणाली. मग कप माझ्यापुढे ठेवून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारले, "साखर वेगळी देऊ का?"

तिची नजर टेबलाच्या कडेवर नव्हती. ती सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. "दोन चमचे," मी म्हणालो. कॉफी साखर घालूनही कडू होती. मी ती शेवटपर्यंत प्यालो.

तिला सोमवारपासून यायला सांगितले.

सोमवारी ती कॉलेजात नाव घालायला सकाळीच वर्ध्याला गेली आणि टेबलावर मी एकटाच होतो. पहिल्याच बसने एक म्हातारी बाई आली आणि बाकावर बसण्याआधीच कोणत्याशा बाबूवर तोंड सोडू लागली. सव्वीस वर्षांच्या सवयीने मी कागद पुढे ओढला, नाव विचारण्यासाठी तोंड उघडले, आणि थांबलो. टेबलाखाली पाहिले, पिशवीत पाहिले, झाडाच्या बुंध्याशी पाहिले. पाण्याचा तांब्या ती रोज कोठे ठेवीत होती, हे मला ठाऊक नव्हते.