पायावरचा आळ

आमच्या जुन्या गाडीचं अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल अडकायला लागलं, तेव्हा संशय आधी पॅडलवर जायला हवा होता. तो गेला ह्यांच्या पायावर.

झालं असं. येरवड्याहून पुलाकडे येताना सिग्नल लाल झाला. ह्यांनी पाय उचलला, पण पॅडल खालीच राहिलं आणि गाडी आपली निघालीच पुढे. ब्रेकवर जवळजवळ उभं राहून ह्यांनी ती थांबवली, पुढच्या रिक्षाच्या पत्र्याला टेकता टेकता. मग चपलेच्या टोकाने पॅडल वर ओढलं, तेव्हा कुठे इंजिन शांत झालं. रिक्षावाला उतरला. त्याने दोन गाड्यांमधली फट वाकून नीट पाहिली आणि म्हणाला, "काका, बसायचंच होतं तर हात करायचा ना."

मुलाला हे मीच फोनवर सांगितलं. तो तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नुकता लागला होता आणि तिकडेच भाड्याने राहत होता. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. त्यासाठी पगार मिळायला लागल्यापासून घरातल्या चुका तो फुकटात शोधून देत असे. रविवारी आला, किल्ली घेतली, गाडी कॅम्पापर्यंत फिरवून आणली. पॅडल एकदाही अडकलं नाही.

"बाबा, रिप्रोड्यूस होत नाहीये."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा घडवून दाखवता येत नाहीये, असं म्हणतोय," मी सांगितलं.

"मग उत्तमच की," हे म्हणाले.

उत्तम कसलं! दोन दिवसांत पुन्हा अडकलं. गाडी गॅरेजात गेली. मेकॅनिकने बॉनेट उघडून केबल सोडवली, तेल दिलं, पॅडल हाताने दाबून सोडून पाहिलं. केबल मोकळी, स्प्रिंग खणखणीत. "साहेब, गाडीत काही नाही," तो म्हणाला. "गाडीत" या शब्दावर त्याने जरा जास्तच जोर दिला, असं ह्यांना वाटलं. घरी आणल्यावर गाडी परत अडकली, परत गॅरेजात गेली आणि तिथे परत शहाण्यासारखी वागली.

मुलाने फोनवर निकाल दिला. "आई, माझ्याकडे होत नाही, गॅरेजमध्ये होत नाही, फक्त बाबा चालवतात तेव्हा होतं. कॉमन फॅक्टर कोण? या वयात रिफ्लेक्स स्लो होतात गं. पाय उचलला असं वाटतं, पण उचललेला नसतो. विकून टाकू गाडी. बाबांनी आता चालवायला नको."

मी हा निकाल सांगितला, तरी ह्यांनी वाद घातला नाही, आणि मी घाबरले ती त्यामुळे. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवरून दुकानदाराला घाम फोडणारा हा माणूस. ती गाडी आली तेव्हा गाडी विकत मिळत नसे, नंबर लावून वाट बघावी लागे. नंबर लागल्याचं कळलं तेव्हा ह्यांनी ऑफिसात पेढे वाटले होते. आता निवृत्त झाल्यावर सकाळी ती पुसणं आणि संध्याकाळी मला ऑफिसातून आणणं, एवढाच त्यांचा दिनक्रम उरला होता. आणि मुलगा तर गिऱ्हाईक बघायलाही लागला होता.

एक दिवस मी रिक्षाने लवकर घरी आले, तर हे बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. उजवा पाय दाबायचे, उचलायचे आणि उचलला गेला का ते टक लावून बघायचे. मला पाहून म्हणाले, "मुंग्या आल्या होत्या." मला इतकं भरून आलं की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि भांडी आपटली.

मी टेलिफोन खात्यात तक्रारी घेत असे. फोन बंद पडतो म्हणणाऱ्याला आम्ही विचारायचो, बरा कधी असतो ते सांगा. तोच प्रश्न मी गाडीबद्दल मनात घोळवत होते, आणि त्याचं उत्तर हे स्वतःच जिना चढून घेऊन आले. गाडी तिसऱ्यांदा गॅरेजात न्यायची होती त्या सकाळी ह्यांच्या हातात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट होती, व्यवस्थित गुंडाळलेली.

मुलाने पहिल्या पगारातून मला साडी घेतली आणि बाबांच्या गाडीला ही मॅट. जाड, मऊ, मरून रंगाची, नव्याने उघडलेल्या काचबंद, चकचकीत दुकानातून आणलेली. गॅरेजवाल्यांचे तेलकट पाय लागू नयेत म्हणून हे दर वेळी ती काढून ठेवत. रविवारी मुलगा गाडी चालवणार असला तरी काढत, कारण त्याच्या बुटांना चिखल असे. म्हणजे ज्याने दिली त्याच्यापासूनही ती जपली जात होती. गाडी तपासणाऱ्या कुणीही ती आत असताना तपासलीच नव्हती.

गॅलरीच्या कठड्यावर टाकताना मला मॅटच्या वरच्या कडेला एक चपटलेली, चकाकती खूण दिसली. मी ती मॅट तशीच उचलून खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मॅट अंथरली, पुढे सरकू दिली, आणि इंजिन बंद असतानाच पॅडल तळापर्यंत दाबून पाय उचलला. पॅडल खालीच. मॅटच्या जाड कडेने ते धरून ठेवलं होतं. मॅट मागे ओढली, पॅडल टुणकन वर.

"अहो, खाली या!" मी अशी ओरडले की अख्ख्या सोसायटीने खिडक्या उघडल्या.

ह्यांनी स्वतः दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता मुलाला फोन लावतील. तर म्हणाले, "त्याला सांगू नकोस. पहिल्या पगाराची आहे."

"आणि तुमचा पाय बदनाम झालेला चालेल?"

"पायाचं काय, तो घरचाच आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मग गाडी विका आणि मॅट ठेवा जपून!"

शेवटी आम्ही गॅरेजात गेलो आणि मेकॅनिकला म्हटलं, मुलाचा फोन आला तर स्प्रिंग बदलली म्हणून सांगा. तो म्हणाला, "न बदलता बदलली सांगणार नाही. बदलतो, मग सांगतो." अशा रीतीने एक खणखणीत स्प्रिंग बदलली गेली.

"बघ, मी म्हणत होतो ना, हार्डवेअर इश्यू असणार," मुलगा फोनवर म्हणाला. मी "हो रे" म्हटलं. कसं म्हटलं, माझं मला माहीत. पण गाडी विकायचं रद्द झालं. मॅट मागच्या सीटपुढे गेली. तिथे पॅडल नाही आणि मुलगा आला की त्याला ती दिसते.

पुढच्या रविवारी आम्ही नणंदेकडे मांजरी गावाला निघालो. हडपसरच्या सिग्नलला गाडी छान थांबली. ह्यांनी खाली वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "आला ना वर?"

"पॅडल ना? आलं की."

"पॅडल नाही गं. पाय."

मी नीट खाली वाकले. पाय ब्रेकवर होता, जिथे असायला हवा तिथेच.

"आला," मी म्हटलं.

पुढच्या सिग्नलला त्यांनी विचारायच्या आत मीच सांगून टाकलं.