तुळशीच्या कठड्यावरचा नट

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, जन्मात कुणाचं ऐकलं नाही, देवाचंही नाही. कचेरीच्या लिलावातून त्यांनी एक जुनी काळी मोटार आणली आणि तिला कुठल्या मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. "मिस्त्री चांगला पार्ट काढते अन् सडका बसवते," म्हणायचे. दर रविवारी अंगणात गाडीखाली शिरायचे, बाहेर फक्त पाय. अंगठा हलत असला की काम जमतंय, ताठ झाला की सगळ्यांनी घरात पळायचं. पुसायला मागावरच्या उरलेल्या सुताचे बोळे, नटबोल्ट ठेवायला जावेचा कुंकवाचा करंडा. एकदा खाप्याला लग्नाला निघालो, पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. अर्धा रस्ता आम्ही बायकांनी नव्या लुगड्यांत गाडी ढकलली आणि भासरे आत बसून ओरडत होते, "जोर लावा, तिले बरं नाही!" जाऊ म्हणाली, "माह्या तापात असं कधी म्हटलं नाही." सगळ्या हसलो. तेही हसले.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद, अशी आमच्या घरची रीत. काही सांगायचं तर जावेमार्फत. तेही भिंतीकडे पाहून म्हणत, "घरात सांगा, चहा ठेवा."

त्या रविवारी त्यांनी तेल बदलायला काढलं. तळाचा नट काढला, जुनं तेल घमेल्यात उतरवलं, घमेलं बाजूला सारलं आणि वरून नवा डबा ओतायला लागले. "पी, पी माय," गाडीला म्हणत होते. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. नट तुळशीच्या कठड्यावर पडलेला मला समोर दिसत होता. वरून ओतलेलं तेल खालून फरशीवर पसरत होतं. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. मी उठून आत गेले आणि जावेला म्हटलं, "बाई, त्याह्यले सांगा, नट बाहेरच हाय." ती हातातलं भांडं टाकून ओल्या पायांनी धावली. "अवो, थांबा..." म्हणाली आणि तेलावरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मोटार दारात उभी आणि तिच्यात थेंबभर तेल नाही. सायकलरिक्षातून जावेला धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. भासरे काळ्या हातांनी मागून रिक्षा ढकलत गेले. जाऊ पुन्हा चालली नाही. दोन वर्षं अंथरुणावर काढून गेली. मोटार भंगारात गेली. भासऱ्यांनी राख, भुसा, सोडा, सगळं घासून पाहिलं, फरशीवरचा डाग गेला नाही. आता रविवारी ते त्या डागाशेजारी खुर्ची टाकून बसायचे.

पुढे माझा नवराही गेला. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, चहाचा निरोप द्यायला मधे माणूस उरला नव्हता. ते भिंतीला म्हणाले, "त्या दिवशी नट कोणाले दिसला होता काय?"

मी पदर ओढून घेतला. म्हटलं, "मले दिसला होता."

 ते म्हणाले, "जाऊ दे वं. तू सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

मी चहा ठेवला. जन्मभर कुणाचं न ऐकणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. त्या अंगणात एकदा माझा आवाज आला असता, तर त्यांचा हात जागच्या जागी थांबला असता.