कमळाचं ‘होऽऽ’

लटारूभाऊ पंचेचाळिशीत तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकले, तेही मोबाइलवर व्हिडिओ पाहून. मोहर्लीच्या जंगलाकडच्या आपल्या गावात त्यांनी याआधी पंखा, मिक्सर आणि मेव्हण्याचा टीव्ही उघडला होता. परत चालू झालं त्यातलं एकही नाही. गावानं टिंगल केली, भाऊंनी कानाआड केली.

यावेळी मात्र गरज खरी होती. जंगलाला लागून त्यांची वांग्याची वाडी, आणि वानरं रोज सकाळी तिचा फडशा पाडत. म्हणून भाऊंनी खुट्ट झालं की ओरडणारं यंत्र करायला घेतलं. आवाज टिपायला माईक, ओरडणं साठवायला सर्किटची एक छोटी पट्टी, स्पीकर आणि बॅटरी. पहिल्याच दिवशी तारा उलट्या जोडून एक पट्टी जाळली. दुसरी चालली, पण स्पीकरचा आवाज माईकलाच ऐकू जाई आणि यंत्र स्वतःच्याच ओरडण्यानं ओरडत सुटे. शेवटी माईक जंगलाकडच्या कुंपणावर आणि स्पीकर लांब मचाणावर बांधला, तेव्हा कुठे ते एकदाच बोलून गप्प बसू लागलं.

भाऊंचा आवाज बसका. ते बायकोला म्हणाले, “मोहा वेचताना तुम्ही बाया देता नं, तसा आवाज दे.”

कमळा घुटमळली. मोहाची फुलं वेचताना बाया झाडाझाडांखाली पांगतात. एकीनं हाक मारली की दुसरीनं ‘होऽऽ’ द्यायचंच. ते आलं की वाघाच्या जंगलातही बाई निवांत वाकते, कारण जवळ माणूस आहे.

“ते खेळाचं नाई जी,” ती म्हणाली.

“वानराले काय समजते? दे तू.”

तिनं दिलं. वानरं पळाली, आणि भाऊ दोन दिवस गावभर छाती काढून फिरले.

तिसऱ्या दिवशी ते वाडीत आले, तर जंगलाकडच्या कुंपणाला टेकून शेजारची म्हातारी बायनाबाई बसलेली. लुगडं काट्यांनी फाटलेलं, टोपली रिकामी.

“कमळा कुठी हाय?” तिनं विचारलं.

“घरी. आज गेलीच नाई ते जंगलात.”

बायनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग थांबत थांबत बोलली. “बाया नाल्याकडं निघाल्या. मले चाल म्हने. मी म्हनलं, जा तुम्ही, कमळा हाय जवळ. दर डाव माह्या हाकेले हो देऊन राह्यली होती. मग वानरं खेकारली. वाघ दिसला का वानरं तशीच खेकारतात. मी हाक मारली, तिनं हो देल्लं, म्हनून आवाजाकडं पळत आली. इथी कोनीच नाई. मी वरडून राह्यली, कमळे, कुठी हायेस वो!”

तिचा आवाज चढला, आणि मचाणावरून कमळाचं ‘होऽऽ’ आलं.

भाऊंनी धावत जाऊन मचाणावर चढून तारा उपटल्या. मग ते कुंपणापाशी परत आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. कमळा नको म्हणत होती, हेही आत्ताच आठवायचं होतं.

“बाई, मशीन हाय ते. म्या लावलं.”

ती शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हंजे मी कोनाच्या भरवशावर वाकली होती, लटारू?” एवढंच तिनं विचारलं. भाऊंनी तिची रिकामी टोपली उचलली. त्यांनी तिला घरापर्यंत सोडलं, आणि वाटेत तिच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

मोहा कोणासाठी थांबत नाही. चार दिवसांनी बायनाबाई कमळा नि बाकीच्या बायांबरोबर पुन्हा जंगलात गेली. भाऊ वाडीत काठी घेऊन वानरं हाकायला उभे होते. झाडांतून म्हातारीची हाक आली. कमळानं लगेच ‘होऽऽ’ दिलं.

“नुसतं हो नको देऊ,” म्हातारी ओरडली. “समोर ये.”

कमळा वेचणं सोडून तिच्यापाशी गेली. जरा वेळानं पुन्हा हाक, पुन्हा ‘होऽऽ’, आणि पुन्हा तेच, “समोर ये.”

वानरं कुंपणावरून वांग्यात उतरली. भाऊंनी ओरडायला तोंड उघडलं, म्हातारीची हाक ऐकून ते मिटलं, आणि नुसती काठी आपटत ते वांग्यात धावले.