सुधाचं अमृतसर

लेकीने रंग पातळ करायला टर्पेंटाइनची बाटली उघडली, की मला टावर चौकातली एक दुपार आठवते. गावात केबल नुकतीच आली होती. चित्रकलेच्या वर्गातली माझी मैत्रीण सुधा अमृतसरच्या विद्यार्थी शिबिराहून परतली होती. मला बाबांनी जाऊ दिलं नव्हतं.

कचोरीची प्लेट सरकवून तिने चित्रांची वही उघडली. अरुंद गल्ल्या, सरहद्दीजवळची शेतं, मुलांनी मिळून रंगवलेली भिंत. तिच्या बोटांना अजून टर्पेंटाइनचा वास होता.

"बघ ना, कशी झालीत?"

माझा नुसता जळफळाट होत होता. "ठीकठाक आहेत," मी म्हटलं, "पण हात कच्चाच आहे गं तुझा."

सुधाने वही मिटली. पुन्हा कधी मला दाखवली नाही.

मागच्या वर्षी मी अमृतसरला जाऊन आले. चार दिवस तिच्याच चित्रांतल्या गल्ल्या शोधत फिरले. एकही तितकी सुंदर निघाली नाही.